कार्ड नैर्ऋत्येला, लग्न गंगापूर रोडला

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, हे मी आजवर जितक्या लोकांना समजावून सांगितलं त्यांच्यापैकी निम्म्यांनीही ते माझ्याकडून घेतलं नाही. समजून घ्यायचं नाशिकला, गंगापूर रोडच्या माझ्या दुकानात आणि मागवायचं ऑनलाइन, अशी आपल्याकडची रीत आहे. मग ते कॉम्प्युटरच्या पेटीत बसलं नाही, चालू झालं नाही, की पुन्हा माझ्याकडेच. "ताई, तुम्हीच म्हणाला होतात ना," असं म्हणत माणूस खोकं काउंटरवर ठेवतो. मी सांगितलेलं असतं एक, त्याने ऐकलेलं असतं दुसरं आणि मागवलेलं असतं तिसरंच.

मी कॉम्प्युटर जोडते. गिऱ्हाइकाचं काम काय ते विचारायचं, त्याप्रमाणे एकेक भाग निवडायचा आणि पेटी भरून द्यायची. पूर्वी दुकान नाशिकच्याच द्वारका चौकात होतं, टायरवाल्याच्या शेजारी. आता गंगापूर रोडला एका कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर आहे. कारभार भाचीने हातात घेतलाय. मी खुर्चीत बसून लुडबुड करते, असं तिचं म्हणणं. सुरुवातीच्या काळात लोक आत डोकावून "सर नाहीत का?" असं विचारायचे. मी सांगायचे, "सर बँकेत आहेत, आणि घरचा कॉम्प्युटर बंद पडला की तेही मलाच हाक मारतात." मग ती माणसं "परत येतो" म्हणून जायची आणि बरीचशी खरंच परत यायची, कारण दुसरीकडे सर असायचे पण कॉम्प्युटर चालायचा नाही.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटरचा प्रोसेसर विचार करतो आणि ग्राफिक्स कार्ड चित्रं काढतं. पडद्यावर जे हलतं, फिरतं, चमकतं ते काढायला स्वतंत्र कारागीर लागतो, तो हा. त्याची स्वतःची मेमरी असते, स्वतःचे पंखे असतात, आणि मदरबोर्ड नावाच्या मुख्य पाटीवरच्या एका लांब खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, तो बसतो. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती जीबीचं?" आणि दुसरा, "पंखे किती?"

द्राक्षबागायतदार एक काका आले होते, त्यांना तीन पंख्यांचंच कार्ड हवं होतं. मी म्हटलं, "काका, पंखे फक्त गार करायला असतात, त्यावरून ताकद ठरत नाही." ते शांतपणे म्हणाले, "ज्याला जास्ती गार करावं लागतं ते जास्ती तापतं. जे जास्ती तापतं ते जास्ती काम करतं. खरं का खोटं?" मी हातातलं दोन पंख्यांचं खोकं फळीवर ठेवलं. मग तीन पंख्यांचं काढून दिलं.

दुसरे एक गृहस्थ कार्ड घ्यायला आले ते मुलीसाठी. मुलगी आर्किटेक्चरला. म्हणाले, "घराचे नकाशे फिरले पाहिजेत, पण गेम फिरता कामा नये, असं कार्ड द्या." मी सांगितलं, कार्डाला भिंत आणि राक्षस यातला फरक कळत नाही, जे सांगाल ते काढतं. ते म्हणाले, "मग तुम्ही त्याला सांगा ना. दुकान तुमचं आहे." मोठ्या मिनतवारीने त्यांची समजूत घातली. काही महिन्यांनी ते पुन्हा आले, याहून मोठं कार्ड मागायला. मुलीचे नकाशे अडकतात म्हणे. त्यांच्या पिशवीतून ट्रक चालवायच्या गेमचं स्टिअरिंग डोकावत होतं. मी मोठ्या कार्डाचं बिल केलं.

दसऱ्यानंतरचा आठवडा तर आमचा खास. पूजेला पेटी उघडतात, कार्डाला हळदकुंकू वाहतात, वर झेंडूचं फूल ठेवतात आणि चालू करतात. पंखा फिरला की आतला सगळा बोर्ड लाल-पिवळा. दरवर्षी मी ब्रश घेऊन बसते आणि दरवर्षी सांगते की पूजा बाहेरून करा. माझ्या स्वतःच्या मशीनची मी आतूनच करते, पण ती बंद ठेवून.

आता वेगाचं. हे जरा नीट वाचा, कारण पुढच्या लग्नाचा सगळा घोळ इथेच आहे.

कार्डाच्या स्लॉटमधून प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटा असतात, त्यांना लेन म्हणतात. वरच्या मोठ्या स्लॉटला सोळा लेन. शिवाय बोर्डाची पिढी असते, तिसरी, चौथी, पाचवी, आणि दर पिढीला एकेका लेनवरचा वेग दुप्पट होत आला आहे. लेन किती आणि लेनवर वेग किती, यांचा गुणाकार करायचा, एवढंच शास्त्र. नव्या पिढीचं कार्ड जुन्या बोर्डात बसतं आणि चालतं, फक्त जुन्या वेगाने. काही कार्डं दिसायला पूर्ण लांबीची असतात पण आत लेन आठच जोडलेल्या असतात. ती जुन्या बोर्डात घातली की आणखी मार खातात. म्हणून मी आधी विचारते, "बोर्ड कोणता आहे?" त्यावर बहुतेकांचं उत्तर असतं, "काळा."

हा वेग कॉम्प्युटरवर आकड्यात बघता येतो, आणि कुणीतरी ते आमच्या ओळखीच्या एका सोसायटीच्या चेअरमनना शिकवलं. ते रोज पडद्याचा फोटो घेऊन दुकानात हजर. "बघा, कालपेक्षा खाली आलंय. चौथ्या पिढीचं म्हणून दिलंत, हे पहिल्या पिढीचा वेग दाखवतंय." मी सांगितलं, काम नसलं की कार्ड वीज वाचवायला वेग कमी करतं, काम आलं की आपोआप वाढवतं. त्यांना ते अजिबात पटलं नाही. "म्हणजे मी बघत नसताना ते झोपा काढतं?" आमच्या वॉचमनचीही हीच तक्रार आहे, असंही म्हणाले. शेवटी त्यांनी दिवसभर एक गेम नुसता चालू ठेवायला सुरुवात केली, कार्डाला सवय राहावी म्हणून. स्वतः ते खेळत नाहीत. त्यांच्या पडद्यावर एक सैनिक दिवसभर एका भिंतीकडे तोंड करून उभा असतो.

तर बहुतेक बोर्डांवर खाली आणखी एक स्लॉट असतो, दिसायला वरच्याची जुळी बहीण. कार्ड त्यातही बसतं, पंखे फिरतात, दिवे लागतात. पण आत लेन चारच, आणि त्याही प्रोसेसरकडे सरळ जात नाहीत. त्या चिपसेट नावाच्या एका चौकातून जातात, जिथे डिस्क, यूएसबी, नेटवर्क अशा सगळ्यांचीच ये-जा असते. नाशिककरांना मी एका वाक्यात सांगते: वरचा स्लॉट म्हणजे द्वारकेवरचा उड्डाणपूल आणि खालचा म्हणजे पुलाखालचा द्वारका चौक. गेम खेळणाऱ्याला हा फरक बऱ्याचदा फारसा जाणवत नाही, कारण गेमचं बरंचसं सामान एकदा कार्डाच्या मेमरीत भरलं की तिथेच राहतं. पण ज्याला क्षणाक्षणाला ताजं चित्र आत पाठवायचं आणि लगेच बाहेर काढायचं आहे त्याच्या तोंडचं पाणी पळतं.

कळवणचे कारभारी आहेर हे असं काम करणारे. कारभारी हे त्यांचं नाव. कारभार सगळा मंदावहिनींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या हातात. कारभारी लग्नांचं शूटिंग करतात, जोडीला भागीदार इक्बालभाई. एक खांद्यावर कॅमेरा घ्यायचा, दुसरा हॅलोजन धरायचा, अशी त्यांची सुरुवात. आता जमाना एलईडी वॉलचा आहे. लॉन्समध्ये स्टेजच्या बाजूला भिंतीएवढा पडदा उभा करतात. चार कॅमेऱ्यांची चित्रं एका कॉम्प्युटरमध्ये येतात, तिथे बसलेला माणूस त्यातलं हवं ते निवडतो, त्यावर फुलं-बिलं उडवतो, आणि मागे बसलेल्या पाहुण्यांना नवरानवरी त्या वॉलवर दिसतात. सारं जागच्या जागी, त्याच क्षणी.

एके दिवशी तिघंही दुकानात आले. कारभारी म्हणाले, "ताई, लय भारी मशीन पायजे. पोरीचं लगन हाय."

"लेकीला आंदण मशीन देताय की काय?"

"नाय ओ, लगनात लावायचंय."

मंदावहिनींनी त्यांना थांबवलं. "मी सांगते ताई. ह्यांनी अख्ख्या तालुक्याची लगनं काढली. भावाबहिणींची काढली, भाच्यापुतण्यांची काढली. अल्बम उघडून बघा, समदे हायेत, हे कुठंच नाय. आमच्या प्राजूच्या बारशाचा फोटो बघा. आत्या हाय, शेजारीण हाय, शेजारणीचं मांजर हाय. बाप नाय! लोकं इचारतात, पोरीचा बाप कुठं होता त्या टायमाला?"

"कॅमेऱ्यामागं होतो ना," कारभारी पुटपुटले.

"आता प्राजूच्या लगनात कॅमेऱ्यामागं जायचं नाय. स्टेजवर माझ्या शेजारी उभं ऱ्हायचं आन् फोटोत दिसायचं. नाय दिसले तर मी पण बसते जाऊन जनरेटरमागं, लावा मग लगन."

इक्बालभाई हात जोडून म्हणाले, "मॅडम, ऐसा बना दो की भाई को झाँकने की भी जरूरत ना पडे. बाकी मैं देख लूँगा."

इतकी नेमकी मागणी मला क्वचितच कुणी केली असेल. बापाला मोकळं करणारं मशीन! मी मनापासून जोडलं. चार कॅमेऱ्यांची चित्रं पेलेल एवढ्या मेमरीचं कार्ड घेतलं. ते वरच्या सोळा लेनच्या स्लॉटमध्ये बसवलं, कॅमेऱ्यांच्या वायरी घेणारं दुसरं छोटं कार्ड वेगळ्या स्लॉटमध्ये. भाचीला मध्ये बसवून चारी बाजूंनी कॅमेरे लावले आणि दिवसभर चालवून बघितलं. तिने मान हलवली की पडद्यावर त्याच क्षणी हलत होती. मी छाती ठोकून सांगितलं, "कारभारीभाऊ, तुम्ही खुशाल अक्षता टाका."

मध्यंतरी जे घडलं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आताच सांगते. हल्ली पेटीला एका बाजूने काच असते, आतले रंगीत दिवे दिसावेत म्हणून. कळवणला कारभारींनी नवीन स्टुडिओ बांधला होता. तो बघायला वास्तुशास्त्र सांगणारे नाना आले. दारं-खिडक्या तपासून झाल्यावर त्यांची नजर टेबलावरच्या पेटीवर गेली. काचेला नाक लावून त्यांनी आत बघितलं. मग शाळेच्या नकाशात जशी उत्तर वर असते तशी त्यांनी पेटीत दिशा लावली आणि म्हणाले, "वर डावीकडे काय ठेवलंय हे? ही वायव्य झाली. वायव्य म्हणजे वारा. एवढी जड वस्तू वाऱ्यावर ठेवता? घरात शुभकार्य आहे ना? जड सामान नैर्ऋत्येला, खाली."

इक्बालभाई म्हणाले, "नाना, ये कंप्यूटर है, बंगला नहीं."

"चार भिंती आहेत ना?" नाना म्हणाले. "आत वीज आहे, पंखे आहेत, दिवे आहेत. मग वास्तूच झाली."

लेकीचं लग्न तोंडावर, उगाच कशाला विषाची परीक्षा, म्हणून इक्बालभाईंनी स्क्रू काढले. कार्ड अलगद उचललं आणि खालच्या स्लॉटमध्ये बसवलं. ते सहज बसलं. दिवे लागले, पंखे फिरले, एका कॅमेऱ्याने बघितलं तर चित्र झकास. नाना समाधानाने चहा पिऊन गेले.

लग्न नाशिकला होतं, गंगापूर रोडच्याच एका लॉन्सवर, कारण नवऱ्या मुलाकडची मंडळी इथली. दुपारचा मुहूर्त. आपल्याकडे पत्रिकेवरची वेळ ही फक्त छपाईपुरती असते, हे जाणून मी निवांत निघाले आणि आल्या आल्या जेवायला बसले. मसालेभात, मठ्ठा, गरम जिलबी. समोर वॉलवर पाहुणे दिसत होते. त्यात जांभळ्या साडीतली एक बाई अख्खी जिलबी तोंडात कोंबत होती. काय ही हावरट, असं मी म्हटलंही. मग लक्षात आलं की साडी माझी आहे. बाई मीच होते. फक्त माझी जिलबी केव्हाच संपली होती.

मी हात वर केला. वॉलवरची मी जिलबीच खात राहिले. मी हात हलवला, शेजारच्या बाई वळून बघायला लागल्या, मी ओशाळून हात खाली घेतला, भाताचे दोन घास खाल्ले. तेव्हा कुठे वॉलवरच्या बाईने हात वर करून हलवला.

मी हातातला घास ताटात ठेवला. बाकी सगळे मजेत होते. माणसं कॅमेऱ्यासमोर फेटा सावरायची आणि मग रमतगमत वॉलपुढे जाऊन स्वतःला फेटा सावरताना बघायची. बागलाणकडचे एक वृद्ध पाहुणे वॉलवर स्वतःला चालत येताना बघून, आपण तर इथे खुर्चीत बसलोय म्हणून अहिराणीत ओरडले, "हाई काय शे? मी तं आठे बशेल शे!" शेजारचा म्हणाला, "कालचा पिच्चर आसंल." काल ते दोघंही कळवणला होते, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी ताट तसंच ठेवून जेवणाच्या टेबलांमागे धावले. कापड लावून केलेल्या आडोशात इक्बालभाई घामाने निथळत बसले होते, बाजूला जनरेटर धडधडत होता. "मॅडम, सुबह तो पलक झपकने जितना फरक था. चारों कॅमेरे लगाए, तब से बढता ही जा रहा है." बरोबरच होतं. चार कॅमेऱ्यांचं चित्र चौकात अडकलं होतं. पुढचं निघेना, मागचं थांबेना, आणि कॉम्प्युटर बिचारा एकही चित्र टाकून न देता सगळ्यांना रांगेत उभं करत होता. मी काचेतून बघितलं. कार्ड खाली!

"कुणी नेलं हे खाली?"

इक्बालभाईंनी आधी आभाळाकडे बघितलं, मग कार्डाकडे, मग म्हणाले, "वो नैर्ऋत्य में है, मॅडम."

मी कपाळाला हात लावला. या पेटीचं पुढे काय झालं तेही इथेच सांगून टाकते, म्हणजे मग मी लग्नाकडे वळायला मोकळी. संध्याकाळी मी कार्ड पुन्हा वर बसवलं आणि स्वतः नानांना बोलावून जाब विचारला. नानांनी सगळं ऐकून घेतलं, पेटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "मग पेटी उलटी ठेवा ना. म्हणजे तुमचा वरचा कोपरा खाली उजवीकडे येईल. ती आग्नेय. तापणाऱ्या वस्तूला तर तीच जागा." मी चिडून पेटी उलटी केली, हे कसं मूर्खपणाचं दिसतं ते दाखवायला. ती उत्तम चालली. कळवणच्या स्टुडिओत ती आजही पाय वर करून उभी आहे, सोळाच्या सोळा लेन चालू आहेत आणि नानांचा मान राहिला आहे. मला मात्र ती बघवत नाही.

पण मांडवात त्या क्षणी मशीन बंद करणं भाग होतं, आणि बंद केलं की वॉल काळी पडणार होती. मी इक्बालभाईंना तेच सांगत असताना कापड बाजूला सारून कारभारी आत आले. नवा झब्बा, खांद्यावर उपरणं, डोक्याला गुलाबी फेटा. वॉलवर स्वतःच्या व्याह्यांना उशिरा हसताना बघून त्यांना राहवलं नव्हतं. आल्या आल्या त्यांनी फेटा काढून पेटीवर ठेवला, सवयीने हेडफोन चढवला आणि मॉनिटरसमोर बसले.

"कारभारीभाऊ, उठा! तुम्ही इथे यायचं नव्हतं."

"दोन मिन्टं ताई. तालुक्यातली समदी गिऱ्हाइकं बसलीत म्होरं. आपल्याच पोरीच्या लगनात वॉल बिघडली म्हनतील. आन् घाई काय हाय? अजून नवरीच आली नाय."

त्यांनी मॉनिटरकडे बोट दाखवलं. खरंच, प्राजक्ताला मामा खोलीतून घेऊन निघाला होता, करवल्या पदर सावरत होत्या. मीही ते बघितलं आणि मलाही हायसं वाटलं, वेळ आहे म्हणून. इतकी वर्षं या धंद्यात काढून, आणि आता जिलबीवरून धडा मिळूनसुद्धा! मी बसून स्क्रू मोजायला लागले. तेवढ्यात जनरेटरच्या आवाजातून काहीतरी सूर कानावर आला. नीट ऐकलं तर मंगलाष्टकं. भटजींना यानंतर लगेच दुसरं लग्न होतं, त्यामुळे या मांडवात सगळं चक्क पत्रिकेप्रमाणे चाललं होतं.

"अहो, मंगलाष्टकं सुरू झाली!"

कारभारींच्या कानावर हेडफोन, आणि हेडफोनमध्ये मशीनमधूनच येणारा, म्हणजे तेवढाच उशिराचा आवाज. तिथे अजून सनई चालू होती. हेडफोन घातलेला माणूस ओरडतो तसे ते ओरडले, "नाय ओ! अजून अंतरपाटबी धरला नाय!"

"धरलाय! हे मागचं आहे, तुम्ही बघताय ते होऊन गेलंय!"

"मागचं कसं आसंल? लाइव्ह हाय ना!"

आयुष्यभर या माणसाने लग्न फक्त मॉनिटरमध्ये बघितलेलं. मॉनिटरमध्ये नवरी आली नाही म्हणजे नवरी आली नाही. शेजारी मी गळा फाडून ओरडत होते, पण मी काही मॉनिटरमध्ये नव्हते. शेवटी मी उठून त्यांचा एक कान मोकळा केला. भटजींचा आवाज आणि त्यामागून पुढच्या रांगांचं "सावधान" त्यांना ऐकू गेलं. मॉनिटरवर करवल्या अजून पदरच सावरत होत्या.

ते धावले. फेटा हातात, हेडफोन गळ्यात, त्याची वायर मागे फरफटत. मी मागोमाग कापडाबाहेर आले. आडोशापासून स्टेजपर्यंतची वाट जेवणाच्या टेबलांमधून जात होती. ते एका वाढप्याला धडकले, मठ्ठ्याचा जग कलंडला. स्टेजच्या पायऱ्या चढले आणि अंतरपाट खाली आला. पुढच्या रांगांनी अक्षता टाकल्या. बँड वाजला. मंदावहिनींनी शेजारी वळून बघितलं आणि बघतच राहिल्या, कारण शेजारी गळ्यात हेडफोन अडकवलेला, मठ्ठ्याने भिजलेला बाप धापा टाकत उभा होता. कॅमेऱ्यावाल्याने कारभारींना टिपलं की नाही, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही. माझ्या हातचं मशीन चारचौघांत असं वागलं म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

पण मागच्या रांगांचं लग्न अजून लागायचं होतं. ती मंडळी पहिल्यापासून वॉलकडेच बघत होती, आणि बँड वाजला तरी वॉलवर लग्न लागलं नव्हतं, म्हणून त्यांच्या मुठीत अक्षता तशाच होत्या. वॉलवर मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं आलं. अंतरपाट, त्याच्या एका बाजूला प्राजक्ता मान वळवून कुणालातरी शोधतेय, मंदावहिनी टाचा उंचावून मांडवाच्या दाराकडे बघतायत, आणि त्यांच्या शेजारची जागा रिकामी. भिंतीएवढी रिकामी. मग वॉलच्या एका कडेने कारभारी धावत आत आले.

"पळा कारभारी, पळा!" मागून कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडायला लागले. बायका खुर्च्यांवर चढल्या. वाढप्याला धडकले तेव्हा "अरेरे" झालं, जग कलंडला तेव्हा टाळ्या. खरे कारभारी स्टेजवर उभे राहून आ वासून स्वतःला येताना बघत होते, आणि तो बागलाणकडचा म्हातारा हात पुढे करून त्यांना ओढून घेतल्यासारखं करत होता. वॉलवरचे कारभारी पायऱ्या चढले आणि मंदावहिनींच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "पोचले! पोचले!" मागच्या रांगांनी अक्षता उधळल्या. ते बघून पुढच्यांनी उरल्यासुरल्या पुन्हा टाकल्या. बँडवाल्यांनी पुन्हा बँड लावला. भटजी माइकवर ओरडत होते, "झालंय, अहो, एकदा झालंय!" पण त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. प्राजक्ता हसता हसता वाकली होती, मुंडावळ्या नाकावर आल्या होत्या. आणि मी आडोशाच्या कापडाला धरून उभी, मला हसू आवरेना आणि रडूही.

मंदावहिनी खऱ्या नवऱ्याकडे बघतच नव्हत्या. त्या वॉलवरच्या त्या दोन मजली कारभारींकडे बघत होत्या, ज्यांच्या गळ्यात हेडफोन होता आणि हातात सुटलेला फेटा. भटजींचा माइक तिथेच होता, म्हणून त्यांचं बोलणं सगळ्या लॉन्सला ऐकू आलं.

"दिसले बाई एकदाचे," त्या म्हणाल्या. आणि बाजूला न बघताच त्यांनी कारभारींचा हात धरला, तो घरच्यांची पंगत बसेपर्यंत सोडला नाही.